रानवाटेचें इंजिन

आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकीं कांहींजणांना वाटलें असेल कीं, जन्मभर मुलांना गणित शिकविलेल्या मास्तराला हें यंत्राचें वेड उतारवयांत कोठून जडलें? शंका रास्त आहे. मी यंत्रज्ञ नाहीं. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षणहि झालेलें नाहीं. परंतु एका उन्हाळ्यांत अमेरिकेंतील युटा संस्थानांत माझ्या पुतण्याकडे अडीच महिने राहण्याचा योग आला, आणि त्या अवधींत एका चारचाकी दौडगाडीचें इंजिन माझ्या डोळ्यांदेखत बिघडलें, उघडलें गेलें आणि पुन्हां निराळ्या रीतीनें बांधलें गेलें. ह्या खटाटोपांत मीं पाने हातांत दिले, कागदावर हिशेब केले आणि पुतण्याशीं पुष्कळ वाद घातला. रानवाटेवर चालावयाच्या गाडीचें इंजिन कसें असावें, ह्याविषयीं त्यांतून माझें जें मत बनलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

ही गाडी आपल्याकडे फारशी पाहावयास मिळत नाहीं, म्हणून प्रथम तिचें वर्णन करतों. मोटारसायकलीप्रमाणें दोन्हीकडे पाय टाकून बसावयाची बैठक, पुढें तसेंच हँडल, पण खालीं चार जाड, मऊ, अगदीं कमी हवा भरलेले टायर. वेग वाढविण्यासाठीं मूठ पिळावयाची नाहीं. उजव्या आंगठ्यानें एक लहानशी तरफ दाबावयाची. हिला तिकडे ‘क्वाड’ म्हणतात. हिची थोरली बहीण तीन चाकांची होती. होंडा कंपनीनें ती १९७० सालीं अमेरिकेंत आणली आणि ती फार खपली. पण वळणावर कलंडण्याचा तिचा स्वभाव पुष्कळांना, विशेषतः मुलांना, भोंवला. १९८८ सालीं सरकारी सुरक्षा-मंडळाशीं झालेल्या तडजोडीनें कंपन्यांनीं तीनचाकी विकणें बंद केलें. तोंपर्यंत चारचाकी आलेली होती. तिच्या दोन जाती पडल्या. एक ओझें वाहणारी, शेतकामाची. दुसरी हलकी, चपळ, केवळ दौडीची. आपला विषय ह्या दुसरीचा.

माझ्या पुतण्यानें घेतलेली जुनी गाडी यामाहा कंपनीची, नांव ‘बॅन्शी’. आयरिश लोककथांत घरांत मृत्यु व्हावयाचा असला म्हणजे विलाप करणारें एक स्त्री-पिशाच्च आहे, त्याचें हें नांव. विकावयाच्या मालाला असें नांव देण्याचें धाडस आपल्याकडे कोणी करील असें वाटत नाहीं. पण तें इंजिन आठ हजार फेऱ्यांवर गेलें म्हणजे जो स्वर निघतो, तो ऐकल्यावर नांव ठेवणाराला बोल लावावासा वाटत नाहीं. ही गाडी १९८७ सालीं निघाली आणि अमेरिकेंत २००६ पर्यंत विकली गेली. इतक्या वर्षांत इंजिनाच्या मूळ रचनेंत कंपनीनें फारसा हात घातला नाहीं. तें टू-स्ट्रोक जातीचें, दोन सिलिंडरांचें, पाण्यानें थंड होणारें. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धांव ५४ मिलिमीटर. शाळेंत शिकलेलें वृत्तचितीचें घनफळ आठवलें तर एका सिलिंडरचे १७३·७ आणि दोहोंचे मिळून ३४७ घन सेंटिमीटर होतात.

हे आंकडे ऐकतांच मी चमकलों. ६४ आणि ५४! १९८३ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें आपल्याकडे ‘राजदूत ३५०’ ही मोटारसायकल काढली, तिचीं मापें नेमकीं हींच. माझ्या धाकट्या भावानें, म्हणजे ह्याच पुतण्याच्या वडिलांनीं, ती घेतली होती, आणि दर रविवारीं आमच्या ओटीवर जुन्या वर्तमानपत्रावर तिचे दोन कार्ब्युरेटर उघडून पडलेले असत. यामाहाच्या आरडी ३५० ह्या वाऱ्यानें थंड होणाऱ्या गाडीची ती हिंदी आवृत्ति. त्याच घराण्यांत १९८० सालीं पाण्यानें थंड होणारें इंजिन आलें आणि त्यांतूनच पुढें ही चारचाकी निपजली. म्हणजे माझा पुतण्या सात समुद्रांपलीकडे जाऊन आपल्या बापाच्याच इंजिनाच्या चुलतभावाशीं झटत होता. राजदूतच्या दोन तऱ्हा निघाल्या होत्या. एक साडेतीस अश्वशक्तीची, दुसरी सत्तावीस. आपल्याकडचे पेट्रोलचे भाव व खिसे पाहून ती मुद्दाम नरम केलेली होती. तेव्हां तरुण पोरें त्या नरमपणाला नाकें मुरडीत. त्या सत्तावीस अश्वशक्तीच्या गाडीचा मोठेपणा मला कळला तो युटांतील डोंगरांत.

पुतण्याच्या आधींच्या मालकानें ही बॅन्शी वाळूंत पळविण्यासाठीं तयार करून घेतली होती. युटा संस्थानांत ‘लिट्ल सहारा’ म्हणून वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथें तळापासून माथ्यापर्यंत एका दमांत चढून जावयाचें, मध्यें आंगठा सैल केला कीं गाडी रुतली. इंजिन सतत आठ-नऊ हजार फेऱ्यांवर ठेवावयाचें. ह्या कामासाठीं मूळच्या २६ मिलिमीटरच्या कार्ब्युरेटरांऐवजीं ३४ चे आणले होते, सिलिंडरच्या धूर जाण्याच्या खिडक्या वरून कापून उंच केल्या होत्या आणि आंखूड, फुगीर नळ्या बसविल्या होत्या. खर्च गाडीच्या किंमतीइतका झाला असावा. वाळूंत तें इंजिन शोभत असेल ह्यांत मला शंका नाहीं. पुतण्याला मात्र जावयाचें होतें रानवाटेनें.

फिशलेक नांवाच्या सरकारी अरण्यांतून ‘पायूट’ ही रानवाट जाते. तिचा मुख्य फेराच सुमारें २७५ मैलांचा. जून संपतां संपतां, वरचें बर्फ वितळल्यावर, आम्ही मेरीज्व्हेल ह्या गांवाहून निघालों. पुतण्या बॅन्शीवर, मी एका शेजारी गृहस्थांच्या दोन आसनी गाडींत मागून. आपल्या कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. हें गांव त्याहूनहि उंचावर आहे, आणि तेथून वाट टशर पर्वतांत दहा हजार फुटांच्या वर चढते. चढावर त्या गाडीनें पोराला रडकुंडीस आणलें. खडकाळ वळणावर वेग माणसाच्या पळण्याइतकाच. इंजिन चार हजार फेऱ्यांवर. आंगठा दाबला तर नुसती घुरघुर. आणखी दाबला कीं साडेसहा हजारांवर सगळी ताकद एकाएकीं अंगावर येई, मागचीं चाकें जागच्या जागीं फिरत, दगड आमच्या काचेवर येऊन आदळत आणि पुढचीं चाकें जमीन सोडीत. त्या गाडीला मागें जाण्याचा गिअर नाहीं आणि इंजिन चालू करावयाचें तें लाथ मारूनच. एका बाजूला दरी असतां अशा गाडीवर आपला पोर बसलेला पाहणें हा अनुभव मी कोणाहि काकाला इच्छिणार नाहीं.

माथ्यावर पोंचल्यावर इंजिन आणखीच अडखळूं लागलें. ह्याचें कारण सरळ आहे. उंचावर हवा विरळ असते; समुद्रसपाटीच्या मानानें तिची घनता दहा हजार फुटांवर सुमारें ७४ टक्के, तर सहा हजारांवर ८४ टक्के. कार्ब्युरेटरांत पेट्रोल ज्या बारीक छिद्रांतून येतें तो जेट मात्र तोच राहतो. हवा कमी, पेट्रोल त्या मानानें जास्त. मिश्रण ओलें होतें आणि इंजिन गुदमरतें. पुतण्यानें तेथेंच झाडाखालीं बसून २६० क्रमांकाचे जेट काढून २३० चे घातले. गाडी सुधारली. तो खुशींत आला. उतरतांना हेच जेट बदलावयाचे आहेत, हें त्याच्या ध्यानांत राहिलें नाहीं. माझ्याहि ध्यानांत आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

खालीं गांवाजवळ सपाट, सरळ रस्ता लागला. दिवसभर कोंडलेला पोर. त्यानें सहावा गिअर टाकून आंगठा पूर्ण दाबला. पाव मैल गाडी बाणासारखी गेली. मग एक चरचरणारा आवाज, आणि मागचीं दोन्ही चाकें जखडून काळे पट्टे ओढीत गाडी तिरपी होऊं लागली. लहानपणीं बापाच्या मागें बसून शिकलेला धडा तेवढा कामास आला. त्यानें क्षणांत क्लच दाबला आणि चाकें सुटलीं. आम्ही पोंचलों तेव्हां तो रस्त्याच्या कडेला बसला होता, हात थरथरत होते. वळण असतें तर काय झालें असतें ह्याचा हिशेब मीं कागदावर मांडला नाहीं.

काय घडलें होतें? दहा हजार फुटांसाठीं लहान केलेल्या जेटावर गाडी सहा हजारांच्या खालीं आली होती. हवा सुमारें तेरा टक्क्यांनीं दाट झाली, पेट्रोल त्या प्रमाणांत वाढलें नाहीं. मिश्रण कोरडें पडलें म्हणजे ज्वलनाची उष्णता वाढते. शिवाय ह्या जातीच्या इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें, बत्तीस भागांना एक भाग असें पुष्कळजण घालतात, म्हणून पेट्रोल घटलें कीं तेलहि घटतें. पिस्टन फुगला, सिलिंडरला घासला आणि धरला. उघडून पाहिलें तों उजव्या पिस्टनवर धुराच्या खिडकीच्या बाजूस नांगरल्यासारख्या रेघा पडल्या होत्या.

येथें थोडें थांबून टू-स्ट्रोक इंजिनाच्या शक्तीचें मर्म सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व वाद त्यावर आहे. ह्या इंजिनाच्या माथ्यावर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतींतच खिडक्या असतात; पिस्टन खालीं गेला कीं त्या उघडतात, वर आला कीं मिटतात. धूर बाहेर जाण्याची व ताजें मिश्रण आंत येण्याची वेळ जवळजवळ एकच. त्यामुळें ताज्या मिश्रणांतला कांहीं भाग धुराबरोबर फुकट निघून जातो. ह्यावर उपाय म्हणजे ती फुगीर नळी. धूर बाहेर पडतांच दाबाची एक लाट नळींतून धांवते. नळी रुंदावते तेथें ती मागें ओढ निर्माण करते आणि नळी पुन्हां निमुळती होते तेथें आपटून परत फिरते. ती बरोबर वेळेवर परतली तर बाहेर पडूं पाहणारें मिश्रण खिडकी मिटण्यापूर्वीं आंत ढकलून देते. ही विद्या पूर्णत्वास नेली ती पूर्व जर्मनींतील वाल्टर काडेन ह्या इंजिनीयरानें, एम्-झेड कंपनीच्या शर्यतखात्यांत. १९६१ सालीं त्याच्या १२५ सीसी इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. म्हणजे लिटरला दोनशें. त्याच सालीं स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं त्या कंपनीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून निसटला व सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला, आणि पुढल्याच वर्षीं सुझुकीनें ५० सीसी वर्गाचें जागतिक विजेतेपद पटकाविलें. दुसऱ्याच्या डोक्यांतली विद्या अशी सामानाशिवाय सीमा ओलांडून गेल्याचीं उदाहरणें थोडींच असतील.

आतां हिशेब पाहा. तापलेल्या धुरांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ५०० मीटर धरूं, आणि लाटेनें अर्ध्या फेऱ्याच्या अवधींत परत यावें असें ठोकळ मानूं. मिनिटाला ९,००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. अर्ध्या फेऱ्याला सेकंदाचा तीनशेंवा भाग. तेवढ्या वेळांत लाट १·६७ मीटर जाते, जाऊन येऊन. म्हणजे ती सुमारें ८३ सेंटिमीटरवरून परतली पाहिजे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांसाठीं हेंच अंतर सव्वा मीटर होतें. एवंच, आंखूड नळी ही वरच्या फेऱ्यांची मैत्रीण व खालच्या फेऱ्यांची वैरीण. चार हजारांवर तिची लाट भलत्याच वेळीं परतून इंजिनाचा श्वास अडविते. खिडकी वर कापून उंच केली कीं तोच परिणाम अधिक तीव्र होतो. त्या वाळूच्या इंजिनांत शक्ति कमी नव्हती. ती रानवाटेला कधींहि न लागणाऱ्या ठिकाणीं सांठविलेली होती. मौज अशी कीं, ह्याच घराण्यांतील १९८३ च्या मोटारसायकलीला यामाहानें धुराच्या खिडकीपाशीं फिरती झडप बसवून खिडकीची उंची फेऱ्यांप्रमाणें कमीजास्त होण्याची सोय केली होती. चारचाकीला ती दिली नाहीं.

पुतण्याचा पहिला बेत ऐकून मी हबकलों. तेच सिलिंडर ठोकठाक करून, त्याहूनहि जोरकस नळ्या बसवावयाच्या! मीं म्हटलें, “अरे, तुला डोंगर चढावयाचा आहे कीं डोंगराला आवाज ऐकवावयाचा आहे?” तो म्हणाला, “काका, ह्या सिलिंडरांच्या कोरीव कामालाच किती डॉलर पडले असतील, तुम्हांला कल्पना नाहीं.” खर्च झालेला पैसा माणसाच्या बुद्धीला असा दावणीला बांधून ठेवतो. दोन रात्री तो माझ्याशीं नीट बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानेंच कोठूनशी कारखानी बनावटीच्या, कोणीं न कापलेल्या जुन्या सिलिंडरांची जोडी मिळविली. कापून टाकलेली धातु परत जोडतां येत नाहीं, हें त्याला पटलें होतें.

ते सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरनें मोठे करून घेतले, म्हणजे व्यास ६४·५. हिशेबानें इंजिन ३५३ सीसीचें झालें. पांच-सहा सीसीची कमाई, ती कोणाला जाणवत नाहीं. त्याहून महत्त्वाचें काम, सिलिंडर कातल्यावर खिडक्यांच्या धारदार कडा हातानें मोडून गोलसर करणें. तें राहिलें तर पिस्टनच्या रिंगा त्या कडांत अडकून तुटतात. इंजिन जोडल्यावर सर्व तोंडें बंद करून आंत इंचाला सहा पौंड दाबाची हवा भरली आणि सहा मिनिटें कांटा पाहत बसलों. कोठें सूक्ष्म गळती असली तर तेथूनहि हवा आंत शिरून मिश्रण कोरडें पडतें, आणि मग कितीहि जेट बदला, पुन्हां तेंच. कांटा हलला नाहीं.

नळ्या लांब, खालच्या व मधल्या फेऱ्यांना साथ देणाऱ्या घेतल्या, आणि त्यांच्या टोंकाला ठिणग्या अडविणारी जाळी असलेले सायलेन्सर. ही जाळी सरकारी अरण्यांत सक्तीची आहे. उन्हाळ्यांत वाळलेल्या त्या गवतावर एक ठिणगी पुरते. आवाजाचाहि कित्येक संस्थानांत नियम आहे. कॅलिफोर्नियांत १९८६ पासूनच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा. माझ्या मतें ही मर्यादा स्वारांच्याच हिताची आहे, कारण आवाजाला कंटाळलेले लोक तक्रारी करतात आणि मग वाटाच बंद होतात.

कार्ब्युरेटर पुन्हां मूळचे २६ मिलिमीटरचे बसविले. ह्यावर पुतण्याच्या मित्रांनीं त्याची थट्टा केली. पण अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाते, आणि वेगानें जाणारी हवाच कमी फेऱ्यांवर पेट्रोल नीट ओढून त्याचे तुषार करते. नदीचें पात्र रुंद केलें म्हणून पाणी वाढत नाहीं, धार मात्र मंदावते. कार्ब्युरेटरमागें जीं रीडचीं पातीं असतात तीं दुपदरी घातलीं; वरचें पातळ पातें थोड्याशा ओढीनेंहि उघडतें, म्हणून आंगठ्याच्या हलक्या स्पर्शालाहि इंजिन ओ देतें. फिरत्या चाकावर एक लोखंडी कडें चढवून त्याचें वजन वाढविलें. शर्यतवाले हें वजन उलट कमी करतात. पण जड चाक दगडावर गाडी अडखळली असतां इंजिन बंद पडूं देत नाहीं आणि शक्तीचा झटका सौम्य करतें.

हेड किंचित् घासून दाब थोडा वाढविला. खालच्या फेऱ्यांची ताकद ह्यानें सर्व ठिकाणीं सारखी वाढते. हा मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटला, परंतु ह्याची किंमत पेट्रोलच्या पंपावर मोजावी लागते. त्या डोंगराळ संस्थानांत साधें पेट्रोल ८५ ऑक्टेनचें मिळतें, चांगलें ९१ चें. (तिकडची मोजण्याची रीत आपल्याहून निराळी आहे, आंकडे सरळ ताडून पाहूं नयेत.) साध्या पेट्रोलवर वाढीव दाब चालवला तर इंजिन ठोके देऊं लागतें व पिस्टनला भोंक पडण्याची पाळी येते. ठिणगीची वेळ पुष्कळ लोक चार अंशांनीं पुढें घेतात. आम्हीं दोनच घेतली. एकाच वेळीं दोन्ही दोर ताणूं नयेत.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा इंजिनाच्या बाहेरची होती. कारखान्यानें पुढें १४ दात्यांचें व मागें ४१ दात्यांचें चेन-स्प्रॉकेट दिलेलें असतें; प्रमाण २·९३. पुढचें १३ दात्यांचें घातलें कीं तें ३·१५ होतें, म्हणजे चाकावरचें बल सुमारें साडेसात टक्क्यांनीं वाढतें. तेवढाच वेग कमी होतो, पण रानवाटेवर सहाव्या गिअरचा शेवट कोणाला पाहावयाचा आहे? पुढचा एक दाता कमी करणें हें मागचे तीन दाते वाढविण्याबरोबर आहे. थोडक्या डॉलरांचा तुकडा आणि अर्ध्या तासाचें काम. कोणी मला विचारलें तर मी सांगेन, प्रथम हें करा, महिनाभर गाडी चालवा, आणि मग इंजिनाला हात लावावासा वाटतो कां तें पाहा.

एका बाबतींत मात्र मीं हट्ट धरला. ह्या गाडीच्या कार्ब्युरेटरांवर ‘टॉर्स’ नांवाची एक सुरक्षेची योजना असते. आंगठा सोडला असतांहि कार्ब्युरेटरची झडप वर अडकून राहिली, तर ती ठिणगी तोडून इंजिनाचे फेरे वाढूं देत नाहीं. तिची जुळणी बिघडली म्हणजे ती उगाच इंजिन अडविते, म्हणून बहुतेक स्वार ती उपटून टाकतात. “काका, सगळेच काढतात,” असें पुतण्याचेंहि म्हणणें पडलें. मीं त्याला दरीकांठचें तें वळण आठवून दिलें. एक संध्याकाळ खर्चून आम्हीं ती नीट जुळविली. ती अजून जागेवर आहे.

हवेच्या पेटीचें झांकण काढून टाकण्याचीहि तिकडे चाल आहे. आम्हीं तें ठेवलें. धुळींत एकामागें एक चालणाऱ्या गाड्यांना तेल लावलेला स्पंजाचा फिल्टर दर संध्याकाळीं धुवावा लागतो. झांकण काढल्यावर त्याचें काय होत असेल!

धुराच्या नव्या नियमांमुळें आतां अशा टू-स्ट्रोक दौडगाड्या तिकडे नव्यानें विकल्या जात नाहींत. त्यांची जागा चार-स्ट्रोकांनीं घेतली. होंडानें १९९९ त काढलेल्या दौडगाडीचें ८५ व ७० मापांचें ३९७ सीसीचें इंजिन रानवाटेवर पुष्कळांना आवडलें. त्याला ना असा लहरी स्वभाव ना इतकी खटपट. पण माझ्या पुतण्याशीं हा विषय काढण्यांत अर्थ नव्हता.

ऑगस्टांत आम्ही पुन्हां तीच वाट धरली. जेट ह्या वेळीं सर्वांत खालच्या गांवाला जुळतील असे घातले होते, आणि माथ्यावर इंजिन थोडें बोबडें बोलूं लागलें तरी बदलावयाचे नाहींत, असें ठरलें होतें. बोबडें बोललें, तें आम्हीं ऐकून घेतलें. त्याच खडकाळ वळणावर पुतण्या तिसऱ्या गिअरमध्यें, बसल्या जागेवरून न उठतां, चार हजार फेऱ्यांवर वर गेला. आमच्या काचेवर एकहि खडा आला नाहीं. माथ्यावर प्लग काढून पाहिला. त्याचा चिनी मातीचा भाग दुधाच्या चहासारखा होता, थोडा काळसरपणाकडे झुकलेला. सुरक्षित.

संध्याकाळीं गांवांत पोंचल्यावर पुतण्यानें मायदेशीं वडिलांना फोन लावला. तिकडे पहाट व्हावयाची होती. तो कांहीं बोलला नाहीं. इंजिन मंद चालत ठेवून फोन नुसता त्याच्यापाशीं धरला. मिनिटभर माझा भाऊ गप्प होता. मग म्हणाला, “डावा कार्ब्युरेटर किंचित् मागें आहे रे. दोघांचा सूर एक नाहीं.” रात्रीं घरीं आल्यावर झांकण उघडून दोन्ही झडपा मोजून पाहिल्या. डावी अर्ध्या मिलिमीटरनें खालीं होती.